समासातल्या चौदा ओळी

"हे बघा. मूळ लेख चार पानांचा आणि हिनं केलेला सारांश तीन पानांचा!"

मॅडमनी माझे कागद वर धरले आणि हॉल हसला.

जळगावच्या ऑफिसातला वरचा हॉल. महिन्याची बैठक. वीसेक माणसं गोल बसलेली. मी दाराजवळच्या खुर्चीवर, कारण चहाचं बघायला ती खुर्ची बरी पडते. मला वाटलं, एवढ्यावर थांबेल. नाही थांबलं. मॅडमनी चष्मा सारखा केला आणि माझा सारांश वाचायला लागल्या. मोठ्यानं. एकेक वाक्य सुटं करून. एका वाक्यात सातपुडा, पुढच्या वाक्यात संस्थेची स्थापना, त्याच्या पुढच्यात रिकाम्या खाटा. कशाचा कशाला पत्ता नाही. प्रत्येक वाक्यानंतर त्या वर बघायच्या आणि हॉल हसायचा. ऑफिसात माझ्या समोरच्या टेबलावर बसणारा दिनेशभाऊ तोंडावर रुमाल धरून हसत होता.

"अगं, केळीच्या फण्या मोजून खोक्यात भरणं वेगळं आणि लेख समजणं वेगळं," मॅडम म्हणाल्या. रागानं नाही. मायेनं. "असू दे. तू चहाचं बघ."

मी चहाचं बघितलं. वीस कप. एकही कप हातातून पडला नाही, याचा मला अजून राग येतो.

आता मॅडम कोण आणि मी कोण, ते सांगते.

साक्रीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला आमची भिलाटी, म्हणजे भिल्लांची वस्ती. मायबाप दरवर्षी केळीच्या कामाला रावेरकडं येतात. बाप मळ्यातून घड वाहतो. माय पॅकिंग शेडमध्ये घडाच्या दांड्यावरून फण्या कापते, टाकीत धुते, खोक्यात भरते. केळीचा चीक कपड्याला लागला की जात नाही. माझ्या शाळेच्या प्रत्येक ड्रेसवर तो काळा डाग होता. तरी शाळा झाली, ती रावेरजवळच्या वसतिगृहामुळं. ते मॅडमच्या संस्थेचं. तिथं खाट मिळाली म्हणून दहावी झाली, बारावी झाली. हे मी कुठंच नाकारत नाही. आता मुक्त विद्यापीठातून बी.ए. करते. आणि संस्थेत पाहणीच्या कामाला होते. म्हणजे शेडशेडमध्ये जायचं, माणसांना प्रश्न विचारायचे आणि फॉर्मवर उत्तरं लिहायची.

मॅडम धुळ्याच्या. मोठं घर. वडिलांनी संस्था काढली, मॅडमनी वाढवली. पाहुणे आले की त्या मला बोलवायच्या. "ही आमच्या वसतिगृहाची मुलगी. भिलाटीतली. विश्वास बसतो का?" पाहुण्यांचा बसायचा नाही. मी हात जोडून उभी. किती वेळा उभी राहिले, मोजलं नाही. आणि खरं सांगते, मला तेव्हा बरं वाटायचं. लाज वाटते हे लिहिताना, पण लिहिते.

लेख मॅडमचा होता. एका मासिकात छापून आलेला. विषय आमचंच वसतिगृह. चौदा परिच्छेद. महिन्याभरानं धुळ्याला विश्वस्तांची बैठक होती आणि वसतिगृह चालू ठेवायचं की बंद करायचं, ते तिथं ठरणार होतं. विश्वस्त काही चार पानं वाचत बसत नाहीत. त्यांना एका पानाचा सारांश लागतो. म्हणून मॅडमनी सगळ्यांना लेखाच्या प्रती वाटल्या होत्या. सगळ्यांनी करून आणा, चांगला असेल तो घेऊ. दिनेशभाऊचा घेतला.

माझी धाकटी बहीण त्याच वसतिगृहात आहे. सातवीत. वसतिगृह बंद झालं तर ती कुठं जाईल, हे मला कुणी सांगायला नको होतं. टाकीवर. मायच्या शेजारी. कोपरापर्यंत पाण्यात हात घालून.

आणि माझी अडचण अशी की मला लेख खरंच कळला नव्हता. मॅडम हसल्या ते चूक, पण कळला नव्हता हे खरं. म्हणून जास्त झोंबलं. तीनदा वाचला होता. सगळे शब्द येत होते. 'उदासीनता' येत होतं, 'पालकवर्ग' येत होतं. पण शेवटच्या परिच्छेदाला पोचले की आधीचं सगळं पुसलेलं. शाळेत आम्हाला सारांश शिकवला तो असा: परिच्छेदाचं पहिलं वाक्य घ्या, शेवटचं घ्या, मधलं सोडा, एक तृतीयांश झालं पाहिजे. का घ्या, का सोडा, कुणी सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही. सर सांगतील ते खरं आणि छापलेलं त्याहून खरं, एवढं मात्र पक्कं शिकवलं.

रविवारी रावेरला गेले. लेख पिशवीत. घडी घालून घालून त्याचे पापुद्रे व्हायला आले होते.

शेडमध्ये पोचले तेव्हा मुकादम मायवर ओरडत होता. "या घडाची एक फणी कमी आहे. कोणाच्या पिशवीत गेली?"  पायाजवळ फेकलेला रिकामा दांडा मायनं उचलला. फणी कापली की दांड्यावर खूण राहते, ओली, पांढरी. तिनं तो दांडा मुकादमाच्या तोंडासमोर धरला.

"माले नका इचारू. दांडाले इचारा. नऊ ओल्या खुना शेतस. नऊ फन्या टाकीमा शेतस. मोजी ल्या."

मुकादमानं मोजल्या. नऊच होत्या. माफी वगैरे काही नाही, पुढच्या टाकीकडं गेला. माय दांडा हातात फिरवत मला सांगायला लागली. या वरच्या खुणा रुंद, म्हणजे वरच्या फण्या मोठ्या. खाली बारीक. त्या नवांखेरीज ही मधली खूण सुकलेली, म्हणजे ही फणी मळ्यातच गळाली, ती इथपर्यंत आलीच नाही. घड समोर नव्हता. एक केळ नव्हतं. तरी मायनं अख्खा घड सांगितला.

मला लेख आठवला. मी म्हटलं, याचाही दांडा बघावा. एका परिच्छेदाची एक खूण.

जेवणाच्या सुट्टीत खोक्यांच्या थप्पीला टेकून बसलो. मी पहिला परिच्छेद वाचला आणि पानाच्या कडेला, समासात एक ओळ लिहायला गेले. लेखातलंच वाक्य लिहिलं गेलं. खोडलं. परत लिहिलं, परत तेच. सवय. त्याच त्या मोठ्या शब्दांचा हात धरून चालायची सवय. मी चिडले, पेन फेकलं. मायला वाचता येत नाही. ती भाकरी मोडत म्हणाली, "तू माले सांग. काय सांगस हाई?"

मी सांगायला लागले तर तोंडातून शब्द येईना. मग आलं. "केळीना मळा हिरवागार शे."

"मंग?"

"मंग काही नही. एवढंच शे."

"ते लिख."

मी समासात लिहिलं. आमच्याच बोलीत. दुसरा परिच्छेद वाचला. मायनं विचारलं, काय सांगस? सातपुडा चांगला शे. मंग? काही नही. तिसरा: संस्था मोठी शे. चौथा वाचून मी थांबले, परत वाचला, आणि मला हसू आलं. संस्था आखो मोठी शे. आखो, म्हणजे आणखी. माय पण हसली. जो परिच्छेद मायला एका ओळीत सांगता येईना, तो मला कळलेला नसायचा. मग परत वाचायचा. पाचव्याला असं चारदा झालं, तेव्हा कुठं निघालं: वसतिगृह जुनं शे. माय दर वेळी तेच विचारायची, मंग? तिला दुसरा प्रश्नच माहीत नव्हता. ओळ लिहून झाली की ती एक गोष्ट आणखी विचारायची, हाई कोन सांगस? कोण बोलतंय? तेही मी ओळीखाली लिहायला लागले.

सहावा: खाटा रिकाम्या शेतस. सातवा: मायबापले पोरेसनी काळजी नही. आठवा: मळावाला तेच सांगस. नववा: साहेब बी तेच सांगस. दहावा, अकरावा जुन्या आठवणी. बारावा: खाटा रिकाम्या शेतस, आखो. तेरावा: इमारत दुसरा कामले चांगली शे. चौदावा: बठ्ठासना आभार, म्हणजे सगळ्यांचे.

मग मी लेख झाकला आणि फक्त समास वाचला. वरून खाली. चौदा ओळी.

पहिल्यांदा तो लेख मला कळला. मळा हिरवा, संस्था मोठी, खाटा रिकाम्या, मायबापाला काळजी नाही, इमारत दुसऱ्या कामाला द्या. बस. एवढंच होतं त्यात. एवढ्यासाठी मी तीनदा वाचून रडकुंडीला आले होते.

माय बोटांवर ओळी मोजत होती. मग म्हणाली, "सातवामा कोन सांगस?"

मी बघितलं. सातव्याच्या ओळीखाली मी काहीच लिहिलं नव्हतं. परत वाचला. आठव्यात मळ्याचा मालक बोलतो. नवव्यात सरकारी साहेब बोलतात. सातव्यात आमच्याबद्दल सगळं होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

"मी कोठे शे त्यामा?" माय म्हणाली. "मी तुले सांगेल व्हतं. तू लिखेल व्हतं. ते कोठे गयं?"

सांगितलं होतं. पाहणीच्या वेळी, याच शेडमध्ये, याच टाकीजवळ. मीच विचारलं होतं आणि मीच लिहून घेतलं होतं, तिच्याच शब्दांत: गाडी बंद व्हयनी, पोरगी हायवेवरथीन कशी जाई? वसतिगृहापासून शाळा लांब. मधला रस्ता केळीच्या ट्रकांचा. संस्थेची गाडी पोरींना शाळेत सोडायची. ती बंद झाली आणि मायबापांनी पोरी काढून घेतल्या. माझी धाकटी अजून जाते, तीन पोरींबरोबर, रस्त्याच्या कडेनं. माय रोज संध्याकाळी फोन करून विचारते, पोचली का. शेडशेडमधून हेच ऐकलं होतं मी. बायांनी मला ओरडून सांगितलं होतं. चौदा ओळींत गाडी हा शब्द नव्हता.

आणि मी काय केलं? सांगायची लाज वाटते. मला वाटलं, माझ्या प्रतीत एक पान कमी आहे. झेरॉक्सवाल्यानं गाळलं असेल. पानांवरचे आकडे तपासले. एक, दोन, तीन, चार. तरी वाटलं, मासिकात असेल, आपल्याला दिलं नसेल. मॅडमनी गाळलं असेल, हे मनाला शिवलंच नाही. इतकी मी पाळीव होते.

सोमवारी ऑफिसात गेले आणि मॅडमच्या केबिनमध्ये उभी राहिले.

"मॅडम, माझ्या प्रतीत एक पान कमी आहे."

"कुठलं पान?"

"पालक बोलतात ते."

मी खरंच विचारत होते. भांडायला गेले नव्हते. पण मॅडमचा चेहरा बदलला आणि तो बदललेला बघून मला कळलं की पान कमी नाही.

"आहे तेवढंच आहे," त्या म्हणाल्या. "तुझे फॉर्म सगळे बोलीभाषेत होते. वापरण्यासारखे नव्हते ते."

"गाडीचं लिहिलं होतं त्यात. सगळ्यांनी तेच सांगितलं."

"ते लोक काहीही सांगतात गं. त्यातून अर्थ आपण काढायचा असतो."

ते लोक. माझ्यासमोर. माझी माय. मग त्यांना एकदम काही सुचलं आणि त्या हसल्या. "बरं झालं आलीस. धुळ्याच्या बैठकीत दिनेशचा सारांश तू वाच. वसतिगृहाच्याच मुलीच्या तोंडून आलेलं बरं दिसेल."

मी 'हो' म्हटलं. तोंडानं म्हटलं. बाहेर येऊन जिन्यात बसले. माझा सारांश चालत नव्हता. माझे फॉर्म चालत नव्हते. माझं तोंड तेवढं चालत होतं. माझ्या तोंडून त्यांना वदवून घ्यायचं होतं की माझ्या मायला माझ्या बहिणीची काळजी नाही.

मधले दिवस कसे काढले ते सांगत नाही. दिनेशभाऊनं आपला सारांश टाइप करून माझ्या टेबलावर ठेवला. एक पान, सुंदर, स्वच्छ. 'पालकवर्गातील उदासीनता हे यामागील प्रमुख कारण होय.' मी त्याला विचारलं, "भाऊ, हे कोण म्हणतं?" तो म्हणाला, "लेखात आहे ना." मी म्हटलं, "लेखात कोण म्हणतं?" तो म्हणाला, "डोकं नको खाऊ."

धुळ्याला एसटीनं गेले. मॅडमच्या वडिलांचं घर. मोठी बैठकीची खोली, पाच विश्वस्त. मधे मॅडमचे काका, सगळे त्यांना आबा म्हणतात. मॅडमनी ओळख करून दिली. "ही आमच्या वसतिगृहाची मुलगी." आबा म्हणाले, "वा, वा." मी उभी राहिले. हात जोडले नाहीत. हातात कागद होते.

दिनेशभाऊचं पान मी खाली ठेवलं. लेख काढला आणि म्हणाले, "लेख मॅडमचा आहे. प्रत्येक परिच्छेद काय सांगतो, ते मी शेजारी एका ओळीत लिहिलंय. तेवढंच वाचते."

आणि वाचलं. आमच्या बोलीत, होतं तसं. केळीना मळा हिरवागार शे. सातपुडा चांगला शे. संस्था मोठी शे. संस्था आखो मोठी शे. एक विश्वस्त फिसकन हसले आणि मॅडमकडं बघून गप्प झाले. मी वाचत राहिले. चौदा ओळींना वेळ तो कितीसा लागतो? शेवटची ओळ झाल्यावर मी म्हणाले, "सातव्यात आमचे मायबाप आहेत. पण तिथं कोणी बोलत नाही. बाकी मालक बोलतात, साहेब बोलतात. खाटा रिकाम्या का, याचं उत्तर या लेखात कुठंच नाही. ते फॉर्मवर आहे. शाळेत सोडणारी संस्थेची गाडी बंद झाली म्हणून पोरी काढल्या. फॉर्म ऑफिसात आहेत. मागवून घ्या."

कोणी मागवले नाहीत.

आबा म्हणाले, "बेटा, तुझ्या भावना समजल्या. पण या गोष्टींची एक पद्धत असते."

मॅडम म्हणाल्या, "हिला बाहेर नेऊन पाणी द्या. घाबरली आहे."

मी घाबरले नव्हते. हे मला अजून सलतं. मी ओरडले असते तर म्हणाले असते, चिडली आहे. रडले असते तर म्हणाले असते, भावनिक आहे. मी चौदा ओळी वाचल्या, एक चूक दाखवली, जी लेखात होती, माझ्यात नव्हती. आणि त्यांना मला पाणी द्यायचं होतं. मी पाणी न पिता चालत स्टँडवर आले.

निर्णय त्यांच्या पद्धतीनं झाला. दिनेशभाऊचं पान पास झालं. हे शाळेचं वर्ष संपलं की वसतिगृह बंद. आणि मला सोमवारी कळवण्यात आलं की पाहणीचं काम संपलं आहे, आता माझी गरज नाही. मी माझे फॉर्म परत मागितले. ते संस्थेचे आहेत, असं उत्तर मिळालं.

परवा मुक्त विद्यापीठाच्या केंद्रावर एका सरांना मी समास दाखवला. ते म्हणाले, "याला उलटा आराखडा म्हणतात. लिहिण्याआधी आपण आराखडा करतो ना, तसा वाचल्यावर करायचा." म्हणजे याला नाव होतं. पुस्तकं होती. बारा वर्षं शाळेत घालवली आणि एकानं सांगितलं नाही. पहिलं वाक्य घ्या, शेवटचं घ्या. आमच्याकडून तेवढीच अपेक्षा होती. मला सरांचा राग आला, ते चांगले असूनही आला.

मायला नाव सांगितलं. ती म्हणाली, "मंग?"

मंग हे. नोकरी गेली म्हणून मी रडणार नाही. गेल्या रविवारपासून मी परत शेडशेडमध्ये जाते. वही माझी आहे, संस्थेची नाही. तोच प्रश्न विचारते, पोरगी का काढली? जे सांगतील ते त्यांच्याच बोलीत लिहिते आणि खाली सांगणारीचं नाव लिहिते. त्या लेखात जे पान नव्हतं, ते पान मी लिहिते आहे. लिहून झालं की त्याच्या पाच प्रती काढीन आणि पाच विश्वस्तांच्या पाच दारांत जाईन. मायला बरोबर नेईन. धाकटीलाही. हातात पान देईन आणि तिथंच उभी राहीन, हात न जोडता. म्हणेन, आबा, वाचा. आता एका ओळीत सांगा, या परिच्छेदात काय आहे आणि कोण बोलतंय. सांगितल्याशिवाय आम्ही हलणार नाही. आणि त्यांनी सांगितलं की माय विचारेल.

मंग?